पगाराच्या फाइलीतली एक ओळ

महिनाअखेरीला कारखान्याच्या ऑफिसातून बँकेकडे पगाराची फाइल जाते. तिच्यात दर कामगारामागे एक ओळ असते: नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी कोड आणि रक्कम. आपल्याला वाटतं, यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव. पण पैसे क्रमांकावर जातात. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना कळवलं होतं की अशा व्यवहारांत रक्कम निव्वळ खाते क्रमांक पाहून जमा करता येईल आणि तो क्रमांक बिनचूक देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची असेल. ओळीत नाव सुनीताचं आणि क्रमांक संजयचा असेल, तर पगार संजयच्या खात्यात पडतो. सुनीता मात्र मोबाइलकडे बघत बसते.

मी एका छोट्या कारखान्याचं पगारपत्रक काही वर्षं सांभाळलं. तिथे रोख पगार बंद करून खात्यात पगार सुरू केला, त्या पहिल्याच महिन्यात चार जणांचे पैसे परत आले. क्रमांक मी स्वतः पासबुकावरून टिपले होते, दोनदा तपासले होते. दोष निघाला एक्सेलमध्ये. एक्सेल कुठलाही आकडा फक्त पंधरा अंकांपर्यंत नेमका धरतं आणि सोळावा अंक गुपचूप शून्य करतं. आपल्याकडे पंजाब नॅशनल बँकेसारख्या काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी आहेत. शिवाय क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असलं तर एक्सेल तेही गाळून टाकतं. उपाय अगदी साधा आहे: क्रमांक टाइप करण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवायचा. आधी टाइप करून मग रकाना बदलला तर गेलेला अंक परत येत नाही. हे मला त्या चार जणांच्या घरी आठवडाभर उधारीवर किराणा आला तेव्हा कळलं. म्हणून या प्रकरणात मी एकाच गोष्टीच्या मागे लागणार आहे. फाइलीतली ओळ आणि जिवंत माणूस यांची गाठ पक्की कशी बांधायची, एवढीच ती गोष्ट.

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'पागार' म्हणजे चुकतं करणं. चुकतं कशात करायचं, यावर जगभर भांडणं झाली आहेत. इंग्लंडमध्ये मालक मजुरीऐवजी आपल्याच दुकानातला माल गळ्यात मारत, म्हणून १८३१ च्या कायद्याने मजुरी नाण्यांतच देण्याचं बंधन घातलं. मुंबईच्या गिरणगावात दुखणं थोडं निराळं होतं. महिना भरल्यावरही पगार हाती यायला आणखी दहा-पंधरा दिवस जात. तोवर घर वाण्याच्या वहीवर आणि पठाणाच्या कर्जावर चाले. पगाराच्या दिवशी पठाण गिरणीच्या दाराशी उभा असे. विणताना कापड खराब झालं तर ते कापड विणकराच्याच हातात देऊन त्याची किंमत पगारातून कापली जाई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने हे सगळं ऐकून घेतलं, १९३१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. पगार चालू नाण्यांत किंवा नोटांतच द्यायचा, ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचा आणि मनाला येईल तशी कपात करायची नाही, हा त्याचा गाभा. सुरुवातीला तो महिना दोनशे रुपयांपेक्षा कमी मजुरी असलेल्यांनाच लागू होता.

रोख रकमेचा आग्रह कामगाराच्या भल्यासाठी होता, हे विसरून चालणार नाही. १९७६ मध्ये कायद्याने चेकची आणि बँक खात्याची वाट उघडली, पण अट घातली की कामगाराची लेखी संमती हवी. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये आधी अध्यादेश आणि मग २०१७ मध्ये दुरुस्ती आली, तेव्हा ती संमतीची अट गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. तिच्यातही नाणी, नोटा, चेक, खात्यात जमा आणि इलेक्ट्रॉनिक मार्ग असे सगळे पर्याय आहेत. आणखी एक मोठा बदल असा की वेळेवर पगार मिळण्याच्या हक्काला आता पगाराची वरची मर्यादा उरलेली नाही. संमतीची कायदेशीर अट गेली असली तरी मी तो कागद आजही घ्यायला सांगतो. 'माझा पगार या क्रमांकाच्या माझ्या खात्यात जमा करावा' असं कामगाराला समजणाऱ्या भाषेत लिहिलेलं असावं, त्याला वाचून दाखवावं आणि मग सही किंवा अंगठा घ्यावा. आपले पैसे कुठे जाणार हे त्याने स्वतः सांगितलं, एवढा मान त्या सहीत असतो.

रोख पगाराचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना नोटांची मोड आठवत असेल. १३,७८७ रुपयांच्या एका पाकिटासाठी पाचशेच्या सत्तावीस, शंभराच्या दोन, पन्नास, वीस आणि दहाची एकेक नोट, एक पाचाचं आणि एक दोनाचं नाणं. असं दर माणसामागे मांडून, नोटांची बेरीज करून बँकेत चिठ्ठी द्यायची, बॅगेतून रक्कम आणायची, पाकिटं भरायची आणि मस्टरवर सह्या घ्यायच्या. बत्तीस माणसांना अख्खा दिवस जाई. तेच काम आज बँकेच्या संकेतस्थळावर फाइल चढवून काही मिनिटांत होतं.

या फाइलीतले पैसे नेमके कोणत्या रस्त्याने जातात? सगळ्यांची खाती कारखान्याच्याच बँकेत असतील तर रक्कम त्या बँकेच्या पुस्तकातच इकडून तिकडे होते आणि लगेच जमा होते. दुसऱ्या बँकांसाठी बहुतेक लहान कारखाने २००५ साली सुरू झालेली एनईएफटी वापरतात. ती १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालते. दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाच्या अठ्ठेचाळीस तुकड्या असतात आणि समोरच्या बँकेला रक्कम जमा करता आली नाही तर तिने दोन तासांत ती परत करायची असते. मोठ्या आस्थापना नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस, म्हणजे नॅच, वापरतात. १९९० च्या दशकातल्या ईसीएसचं हे पुढचं रूप. पूर्वी एक तारीख रविवारी आली की नॅचचा पगार सोमवारवर जाई. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅचही आठवड्याचे सगळे दिवस चालतं. वीस-तीस माणसांच्या कारखान्याने यात फार डोकं घालू नये. आपल्या बँकेला 'एकगठ्ठा पगाराची सोय द्या' म्हणावं, तिचा फाइलीचा नमुना घ्यावा आणि खरी मेहनत खाती गोळा करण्यात घालावी.

खाती गोळा करताना तोंडी सांगितलेला किंवा मोबाइलवर पाठवलेला क्रमांक घेऊ नये. पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक घ्यावा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. त्या पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' लिहिण्याची चूक मी कित्येकदा पाहिली आहे. देना आणि विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँकांची विलीनीकरणं झाली आणि नंतर त्यांचे जुने कोड बंद पडले. जुनं पासबुक आणणाऱ्या माणसाला त्यासाठी परत पाठवू नका. नवा कोड तुम्हीच त्या बँकेच्या यादीत शोधून द्या. मग त्या खात्यात एक रुपया पाठवा आणि कामगाराला विचारा, 'आला का?' त्याच्या मोबाइलवरचा संदेश स्वतः पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायची होती. नवा क्रमांक नोंदवताना ती जरूर वापरा. पण एक रुपयाची जागा ती घेत नाही. पडद्यावर नाव बरोबर दिसतं, पण ते खातं त्या माणसाच्या हातात आहे का, हे पडद्यावर कळत नाही.

एक अडचण बँकेतले लोकही सहसा आधी सांगत नाहीत. पुरेशी कागदपत्रं नसताना उघडलेल्या खात्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 'लहान खातं' म्हणतात. त्यात एका आर्थिक वर्षात एकूण एक लाख रुपयांपर्यंतच जमा होऊ शकतात, एका वेळी शिल्लक पन्नास हजारांपलीकडे जाऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारच काढता येतात. आता बारा हजार पगाराच्या मुलाचा हिशेब करा. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत आठ पगारांचे ९६ हजार होतात. डिसेंबरचा नववा पगार मर्यादेला अडतो. आठ महिने सुरळीत चाललेलं खातं नवव्या महिन्यात पगार घेत नाही आणि कारण कोणालाच उमगत नाही. त्याआधी दर महिन्याला दोन हजार त्याच्या हातात येत नव्हते, ते वेगळंच. यूपी-बिहारहून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे नेमकं विचारून घ्यावं आणि त्यांना शाखेत नेऊन ओळखीची कागदपत्रं पूर्ण करून घ्यावीत.

'सगळ्यांनी आमच्याच बँकेत खातं उघडा' असं मालक सोयीसाठी सांगतात. सोय खरी आहे, पण जबरदस्ती करू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. घरातलं सगळं एकाच बँकेत ठेवलेल्यांचं त्या दिवसांत काय झालं ते मुंबईने पाहिलं आहे. दोन बँका, दोन टोपल्या, एवढी मोकळीक कामगाराला असायला हवी.

महिन्याचं चक्र मी असं बसवलं होतं. हजेरी पंचवीस तारखेला बंद. खातं बदलायचं असेल तर वीस तारखेच्या आत आणि समोर येऊनच सांगायचं. हा नियम कडक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. कर्मचाऱ्याच्या नावाने ऑफिसला मेल येतो, 'माझं खातं बदललं आहे, या महिन्यापासून नवीन क्रमांकावर पाठवा.' कारकून मुकाट्याने बदलतो आणि पगार चोराच्या खात्यात जातो. मेलला उत्तर देऊन खात्री करण्यात अर्थ नाही, कारण उत्तरही चोरच देणार. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या मोबाइल नंबरवर फोन करा, नाहीतर माणसाला बोलावून घ्या.

फाइल एकाने तयार करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची. घरगुती कारखान्यात हे अवघड जातं, कारण ऑफिसात एकच माणूस असतो. तिथे मंजुरीचं बटण मालकाने किंवा मालकिणीने स्वतःच्या मोबाइलवर ठेवावं, कारकुनाला पासवर्ड देऊन मोकळं होऊ नये. मंजुरीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: माणसं किती, एकूण रक्कम किती आणि मागच्या महिन्यापेक्षा काय बदललं. नव्या ओळीचा माणूस दाखवता आला पाहिजे. कामावर कधीच न आलेल्या माणसाच्या नावाने पगार काढण्याचे प्रकार सरकारी यंत्रणेतही सापडतात. नागपूर विभागात शालार्थ या वेतन प्रणालीत बनावट आयडी तयार करून शिक्षकांचे पगार काढल्याचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. संगणकाने पगार दिला म्हणजे माणूस खरा असतो असं नाही.

आणि फेब्रुवारी! दरवर्षी फेब्रुवारीच्या पगाराला पाच-सहा जण येतात, 'शंभर रुपये कमी आले.' महाराष्ट्रात दहा हजारांवरच्या पगाराला व्यवसाय कर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असतो. अकरा महिन्यांचे बावीसशे आणि हे तीनशे मिळून वर्षाचे अडीच हजार होतात. संविधानाने या कराला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून हा कर नाही. रोख पगार होता तेव्हा पाकीट देतानाच हे बोलणं होत असे. खात्यात पगार जाऊ लागल्यावर ते बोलणं बंद पडलं. म्हणून पगारचिठ्ठी रक्कम जमा होण्याच्या आधी हातात पडावी, मराठीत असावी आणि कपातीची प्रत्येक ओळ तिच्यात असावी.

महिन्याच्या पगाराची शेवटची तारीख वेतन संहितेत पुढच्या महिन्याची सात आहे. त्यामुळे फाइल सहा तारखेला पाठवणं धोक्याचं. एखादी ओळ परत आली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. तीन तारखेला पाठवा, चारला परत आलेल्या ओळी पाहा. पैसे परत न येता दुसऱ्याच कोणाच्या खात्यात पडले, तर बँक त्या खातेदाराच्या संमतीशिवाय ते सहसा काढून देत नाही. अशा वेळी कामगाराला 'थांब, वसुली झाली की देतो' म्हणू नये. चूक ओळ लिहिणाऱ्याची आहे, कामगाराचा पगार त्याच दिवशी पुन्हा द्यावा आणि वसुलीच्या मागे कारखान्याने लागावं.

इथपर्यंतचं सगळं ऑफिसातलं झालं. माझ्या मते खरा प्रश्न ऑफिसाबाहेर सुरू होतो. ठेकेदार कामगारांची खाती उघडतो, पासबुकं आणि एटीएम कार्डं एका रबरबँडमध्ये गुंडाळून आपल्या खिशात ठेवतो. खात्यात कायद्याप्रमाणे किमान वेतन जमा होतं, त्याच दिवशी एटीएमवर सगळ्यांचे पैसे निघतात आणि कामगाराच्या हातात ठरलेली कमी रक्कम रोख पडते. कागदावर सगळं स्वच्छ असतं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदार मजुरी वाटत असताना मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने समोर हजर राहून सही करावी, अशी तरतूद होती. पगार खात्यात जायला लागल्यापासून समोर उभं राहणारं कोणी उरलं नाही. म्हणून मुख्य कारखान्याने वर्षातून दोनदा तरी कंत्राटी कामगारांना एकेकटं गाठून विचारावं, 'कार्ड कुठे आहे? दाखव.' त्यावर जे मौन पडतं, त्यावरून पुढचं पाऊल ठरतं.

बायकांच्या बाबतीत कार्ड जवळ असलं तरी खात्याला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. पगार जमा झाल्याचा संदेश तिच्या आधी त्याला येतो, ओटीपी त्याला येतो. माझ्याकडे पॅकिंगवर काम करणाऱ्या एका मावशींना किती पगार जमा झाला हे घरी गेल्यावर मुलगा सांगत असे, तेही त्याच्या मनात आलं तर. नंबर बदलण्याचा अर्ज एका पानाचा होता. त्यांनी तो भरायला सात महिने घेतले, आणि तो वेळ घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. आपण फक्त अर्ज टेबलावर ठेवायचा आणि बँकेत जायला अर्धा दिवस भरपगारी द्यायचा.

रोजगार हमीच्या मजुरांचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्राची योजना सत्तरच्या दशकातली, तेव्हा मजुरी कामावरच मस्टर वाचून रोख वाटली जाई. केंद्राच्या योजनेत ती बँक आणि टपाल खात्यांत जाऊ लागली. मग १ जानेवारी २०२४ पासून आधारवर आधारित भरणा बंधनकारक झाला. त्यात खाते क्रमांकही बाजूला पडतो. आधारशी सगळ्यात शेवटी जे खातं पैसे घेण्यासाठी जोडलं गेलं असेल, तिथे रक्कम जाते. बाई जुन्या बँकेत चकरा मारते आणि मजुरी कुठल्याशा मेळाव्यात उघडलेल्या खात्यात पडून राहते. कोकणातून आखातात गेलेल्यांना आणखी एक पद्धत माहीत आहे. अमिरातींमध्ये २००९ पासून मालकाने पगाराची फाइल अशा यंत्रणेतून पाठवायची असते, की कोणाला पगार मिळाला नाही हे सरकारलाही दिसतं. फाइलीवर तिसरी नजर असण्याचा हा विचार आपणही घ्यावा असं मला फार वाटतं.

माणूस काम सोडून जातो तेव्हा त्याची ओळ फाइलीतून लगेच पुसू नये. राजीनामा दिलेल्याची किंवा काढून टाकलेल्याची देणी वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत द्यायची असतात. उरलेले दिवस, रजेचे पैसे, आधी घेतलेली उचल हे सगळं जुळवून शेवटची रक्कम त्याच खात्यावर गेली पाहिजे. आणि त्याला सांगून ठेवावं की पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी झिरो बॅलन्सचं पगार खातं साधं बचत खातं होऊ शकतं आणि मग किमान शिल्लक नसल्याचा दंड लागू शकतो.

रोखीकडून खात्याकडे जाणाऱ्या कारखान्याने पहिल्या महिन्यात एक काम नक्की करावं. पगार जमा झाला की दुपारी यंत्रं बंद ठेवावीत आणि पाच-पाच जणांना जवळच्या एटीएमवर न्यावं. सोबत जाणाऱ्याने दाराबाहेर थांबावं. आत एकेकाने एकटं जायचं, स्वतःच्या बोटांनी पिन बदलायचा, शिल्लक बघायची आणि शंभर रुपये काढायचे. आमच्याकडच्या भट्टीवरच्या काकांना तीनदा आत जावं लागलं. तिसऱ्यांदा ते शंभराची नोट हातात धरून बाहेर आले. शिल्लक त्यांनी पगारचिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहून आणली होती आणि ती पुढच्या बाजूच्या आकड्याशी, शंभर वजा करून, तिथेच उन्हात उभं राहून ताडून पाहिली.